खिरापतीचं पान

(आमच्या गटाच्या कार्यकर्ता-शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे 'माहिती तंत्रज्ञान आणि स्त्री-चळवळ' असा विषय छापला आहे. विषयाचं नाव भारदस्त आहे, मी बोलणार आहे ते मात्र साधं आहे. गेल्या वर्षी नवरात्राच्या आधी आमच्या केंद्रातल्या अकरा जणी तीन दुपारी एकत्र बसलो आणि वेबसाइट कशी बनते ते शिकलो. सगळ्यात धाकटी १९ वर्षांची, सगळ्यात थोरली ६३ वर्षांची. शिकताना आम्ही संस्थेच्या वेबसाइटला हात लावला नाही. आम्ही भोंडल्याच्या खिरापतीची वेबसाइट केली. असं का केलं आणि त्यातून काय हाती आलं, ते तुम्हाला सांगते.

आधी हे शिकायची गरज का पडली ते. आमच्या केंद्राची वेबसाइट पूर्वी बाहेरून करून घेतलेली होती. दिसायला छान, वर फिरती चित्रं. पुढे केंद्राचा फोन नंबर बदलला. तो वेबसाइटवर बदलून द्या म्हणून आम्ही निरोप पाठवले, पत्रं पाठवली. 'करतो मॅडम, दोन दिवसांत करतो' असं करता करता आठ महिने गेले. त्या काळात एका बाईने तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा 'हा नंबर अस्तित्वात नाही' ऐकलं. शेवटी दीड महिन्याने ती पत्ता विचारत विचारत केंद्रात पोचली. मार खाणाऱ्या बाईला दीड महिना म्हणजे काय, हे या सभागृहात कोणाला सांगायला नको.

आणि बदलायचं काय होतं? दहा आकडे. ते कुठे लिहिलेत आणि कसे पुसायचे हे आमच्यापैकी एकीलाही ठाऊक नव्हतं, आणि त्या जागेची किल्लीही आमच्याकडे नव्हती. माझ्या मते प्रश्न तंत्रज्ञानाचा नंतर आहे, किल्लीचा आधी आहे.

तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असेल, १९८० साली मथुरा खटल्याच्या निकालाविरुद्ध आपण रस्त्यावर आलो, तेव्हा आपली पत्रकं छापून द्यायला कोण बसलं होतं? आपण सायक्लोस्टाइल शिकलो. टाइपरायटरची रिबन बाजूला करून मेणकागदावर अक्षरं कापायची, चुकलं तर लाल द्राव लावून बुजवायचं, मग शाईने हात काळे करत हँडल फिरवायचं. तेव्हा कोणी म्हणालं नाही की हे बायकांना जमणारं काम नाही. म्हणजे म्हणाले असतील, पण आपल्याला ऐकायला वेळ नव्हता. वेबसाइट हे आजचं सायक्लोस्टाइल आहे, एवढंच मी म्हणते.

खेळच का?

आता खिरापत का, ते सांगते. संस्थेच्या खऱ्या वेबसाइटवर शिकायला बसलं की हात आखडतो. देणगीदार बघतील, पोलीस बघतील, विरोधी पक्षाचा वकील बघेल. काही बिघडलं तर? भातुकलीत बोळकं फुटलं तर कोणी रागावत नाही. शिकायला अशी फुटली तरी चालेल अशी बोळकी लागतात.

पण भातुकलीबद्दल आपली एक तक्रारही आहे आणि ती खरी आहे. मुलींच्या हातात बोळकी, मुलांच्या हातात स्क्रू आणि पाना. खेळता खेळता एकीला चूल पाठ होते आणि दुसऱ्याला यंत्र. खेळ म्हणजे शिक्षणच असतं, म्हणून तर घरोघर तो इतका विचार करून वाटून दिलेला असतो. तेव्हा आम्ही ठरवलं की खेळ आपल्या ओळखीचा घ्यायचा आणि त्यातून यंत्र शिकायचं.

भोंडला तुम्हाला माहीत आहेच. हस्त नक्षत्र लागलं की पाटावर हत्ती, भोवती फेर, गाणी आणि शेवटी खिरापत. त्या गाण्यांमधला सासुरवास या विषयावर आपण शिबिरांत भरपूर बोललो आहोत, आज त्यात शिरत नाही. खिरापत ओळखण्याचा खेळ मात्र सगळ्यांच्या आवडीचा. डबा बंद. वाजवून दाखवायचा. गोड की तिखट? कोरडी की ओली? तळलेली की उकडलेली? हरलो म्हटलं की झाकण उघडायचं. आमच्यातली एक जण अकोल्याची. त्यांच्याकडे भुलाबाई. ती म्हणाली, आमच्याकडेही खाऊ ओळखायचाच असतो. म्हणजे विषयावर मतभेद नाहीत!

आणि गंमत बघा, वेबसाइटचा गाभा हाच आहे. एका प्रश्नावरून दुसऱ्या पानावर जायचं आणि झाकण दाबलं की आतलं दिसायचं.

पहिली दुपार: नुसतं लिहिणं

पहिल्या दुपारी आम्ही इंटरनेट लावलंच नाही. बहुतेकींना हे ऐकूनच आश्चर्य वाटलं. वेबसाइट करायला पहिल्या दिवशी इंटरनेट लागत नाही. लागतो तो एक जुना कॉम्प्युटर, त्यातलं नोटपॅड आणि पान उघडून दाखवणारा ब्राउझर. हे दोन्ही त्यात आधीच असतात, विकत काही घ्यावं लागत नाही.

वेबचं पान म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूर. त्यातल्या प्रत्येक तुकड्याला आपण सांगायचं की तू कोण आहेस. तू मथळा, तू परिच्छेद, तू यादी, तू यादीतली एक ओळ. ही ओळख टोकदार कंसात लिहायची. तुकडा सुरू होताना एक खूण आणि तुकडा संपताना तीच खूण, फक्त आत तिरकी रेघ घालून. डबा उघडला की बंद करायचा, हा नियम. काही खुणांना झाकण लागत नाही, चित्राची खूण त्यातलीच, पण ते हळूहळू कळतं. या पद्धतीला एचटीएमएल म्हणतात. मथळ्याला एच आणि १, परिच्छेदाला पी, यादीतल्या ओळीला एलआय. खुणांची अक्षरं इंग्रजी आहेत हे खरं, पण सुरुवातीचं सगळं काम वीसेक खुणांत भागतं. आमच्यातल्या दोघी सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांना मी विणकामाच्या पुस्तकातलं 'दोन सुलट, दोन उलट, शेवटपर्यंत' दाखवलं. ज्या बाईला त्या ओळीवरून स्वेटर दिसतो, तिला खुणांवरून पान दिसायला वेळ लागत नाही.

पानाच्या डोक्यावर चार ओळी लिहाव्या लागतात. त्या घोकायच्या नाहीत, पण त्यांचं काम समजून घ्यायचं. पहिली सांगते की हे एचटीएमएलचं पान आहे. दुसरी सांगते की भाषा मराठी आहे. अंध मैत्रीण पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरत असेल, तर त्याला या ओळीवरून मराठी उच्चार निवडता येतात. तिसरी सांगते की अक्षरं यूटीएफ-८ या पद्धतीने साठवली आहेत. ती चुकली तर आपलं देवनागरी वेडंवाकडं उमटू शकतं. चौथी ओळ पान फोनच्या रुंदीत बसवते. ती नसेल तर फोनवर सगळं मुंगीएवढं दिसतं. आपल्या बायका पान फोनवरच बघणार आहेत, म्हणून ती ओळ विसरायची नाही.

पहिल्या दुपारचे दोन घोटाळे सांगते, तुमच्याकडेही होतील. एकीने सगळं अचूक लिहिलं, पण पान उघडल्यावर खुणांसकट मजकूर दिसायला लागला. कारण नोटपॅडने फाइलच्या नावाला गुपचूप डॉट टीएक्सटी असं शेपूट लावलं होतं. साठवताना 'ऑल फाइल्स' निवडून नावाच्या शेवटी डॉट एचटीएमएल लिहायचं. दुसरीने आमच्या जुन्या अंकातला खिरापतींवरचा लेख उचलून चिकटवला, तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला झाला. आपले जुने अंक ज्या मराठी फाँटमध्ये जुळवलेले आहेत, त्यांत इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं नुसतं चित्र बसवलेलं असतं. फाँट काढला की मराठी गेलं. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तेव्हापासून देवनागरी त्यात आहे. तेव्हा जुने अंक वेबवर घालायचे असतील तर आधी मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागेल. हे काम कधीतरी सगळ्या गटांनी मिळून करायला हवं. आपला इतिहास त्या फायलींत अडकून पडला आहे.

दुसरी दुपार: पानाला पान जोडणं

दुसऱ्या दुपारी दुवे. पहिल्या पानावर प्रश्न: गोड की तिखट? 'गोड' दाबलं की गोडाचं पान, 'तिखट' दाबलं की तिखटाचं. गोडाच्या पानावर पुढचा प्रश्न: तळलेली की उकडलेली? असं करत सात पानांचा खेळ तयार झाला. दुव्याची खूण म्हणजे फक्त ए हे अक्षर आणि पुढे कुठे जायचं त्या फाइलचं नाव. सगळं जग ज्याला वेब म्हणतं ते या एका खुणेवर उभं आहे. टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधनसंस्थेत हे सुरू केलं. १९९१ साली जगापुढे आलेली पहिली वेबसाइट म्हणजे नुसता मजकूर आणि दुवे. एकही चित्र नाही. तिची जपून ठेवलेली प्रत आजही बघायला मिळते. आमचं खिरापतीचं पान तिच्यापेक्षा देखणं होतं, हे मी अभिमानाने सांगते! आणि १९९३ च्या एप्रिलमध्ये सर्नने हे सगळं कोणालाही फुकट वापरायला खुलं केलं. म्हणून ही विद्या कोणाच्या मालकीची नाही.

फाइलींची नावं छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये जागा न सोडता लिहायची. आपल्या कॉम्प्युटरवर मोठं-लहान अक्षर चालून जातं, पण पान बाहेरच्या कॉम्प्युटरवर ठेवलं की बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि दुवा तुटतो.

चित्र घालताना फोनमधला फोटो तसाच घालायचा नाही. तो तीन-चार एमबीचा असतो. खेड्यातल्या मैत्रिणीच्या फोनवर तो उघडेपर्यंत तिचा डेटाही संपतो आणि धीरही. दीड-दोनशे केबीपर्यंत लहान करून घ्यायचा. आणि प्रत्येक चित्राला शब्दांत वर्णन द्यायचं. 'फोटो १' असं लिहायचं नाही. 'पितळेचा डबा, झाकण अर्धं उघडं, आत वाटली डाळ' असं लिहायचं. ज्यांना दिसत नाही त्यांना ते ऐकू येतं, आणि चित्र उघडलं नाही तर बाकीच्यांनाही वाचता येतं.

तिसरी दुपार: झाकणाआड डोकावणं

तिसऱ्या दुपारी रंग आणि झाकण. रंग, अक्षराचा आकार, चौकट हे सगळं सीएसएस नावाच्या वेगळ्या भागात लिहायचं. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके जोडतो आणि मग रंग भरतो, तसं. ठिपके एचटीएमएल, रंग सीएसएस. झाकणाला तर तयार खूणच आहे, डिटेल्स. तिच्यात वर दिसणारी ओळ 'डबा वाजवा', आणि ती दाबली की खाली उत्तर उघडतं. सगळ्या जणी एकमेकींच्या खिरापती ओळखायला बसल्या.

तेव्हा आमच्यातली धाकटी एकही झाकण न उघडता सगळी उत्तरं धडाधड सांगू लागली. मटकीची उसळ, खोबऱ्याची वडी, भेळ! बाकीच्या चकित. तिने कंट्रोल आणि यू ही बटणं एकत्र दाबली होती. त्यासरशी पानामागचा लिहिलेला सगळा मजकूर समोर येतो. झाकणाआडचं उत्तर त्यात सरळ दिसत होतं.

खूप हसलो. मग एकदम सगळ्या गप्प झालो, कारण अर्थ सगळ्यांच्या लक्षात आला. पानावर झाकलेलं म्हणजे लपलेलं नव्हे. जे पानात लिहिलं ते जगाला दिलं. पुढच्या वेळी कोणी म्हणालं, 'बाईंचं नाव पानावर ठेवू, पण दिसणार नाही असं करू,' तर काय उत्तर द्यायचं हे आता आमच्यातल्या अकराही जणींना माहीत आहे. नाव त्या फाइलमध्ये जाताच कामा नये. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, पूर्वी तो दंडसंहितेच्या २२८-अ कलमात होता. पण कायदा बाजूला ठेवला तरी तो आपला शब्द आहे, केंद्रात आलेल्या बाईला दिलेला. एखाद्या तज्ज्ञाने तासभर व्याख्यान दिलं असतं तर हे इतकं पटलं नसतं. खोबऱ्याच्या वडीने पटवलं.

खेळाबाहेर

आता खेळातून खऱ्या कामात काय आलं ते थोडक्यात.

एक. परदेशातल्या आणि आपल्याकडच्याही काही संस्थांच्या पानांवर 'लगेच बाहेर पडा' असं बटण असतं. नवरा खोलीत आला तर ते दाबलं की हवामानाचं किंवा बातम्यांचं पान येतं. हे बटण म्हणजे गोड-तिखटाचाच दुवा आहे, मूळ काम तेवढंच. आम्ही आमच्या पानावर ते घातलं. पण शेजारी हेही लिहिलं की पूर्वी पाहिलेल्या पानांची नोंद फोनमध्ये राहते, ती वेगळी पुसावी लागते. अर्धीच सुरक्षितता देऊन बाईला निर्धास्त करणं धोक्याचं.

दोन. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांश नोंदले जाऊ शकतात. निवाऱ्यात काढलेला फुलझाडांचा फोटोसुद्धा निवाऱ्याचा पत्ता सांगू शकतो. ती माहिती काढून टाकल्याशिवाय फोटो वेबवर चढवायचा नाही.

तीन. किल्ल्या. वेबसाइटला तीन गोष्टी लागतात: नाव, जागा आणि फाइली. नावाचं दर वर्षी किंवा ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. राहिलं तर ते हातातून जातं आणि दुसरा कोणी घेऊ शकतो. नाव संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर नोंदलेलं हवं, करून देणाऱ्याच्या नाही. पासवर्ड निदान दोघींकडे हवा. आणि फाइलींची प्रत आपल्या कपाटात हवी. जिओसिटीज नावाच्या ठिकाणी १९९४ पासून जगभरच्या साध्या माणसांनी आपली हौसेची पानं मांडली होती. २००९ मध्ये मालक कंपनीने ते बंद केलं. ज्यांनी घरी प्रत ठेवली होती त्यांची पानं हमखास राहिली. काही हौशी लोकांनी धावपळ करून बाकीच्यातलं जमेल तेवढं वाचवलं. दुसऱ्याच्या अंगणात मांडलेली भातुकली रोज संध्याकाळी आवरून घरी आणायची असते.

कोणी म्हणेल, आता एवढं कशाला शिकायचं? यंत्राला सांगितलं की तेच पान लिहून देतं. देतं, आणि जरूर घ्यावं. पण त्याने लिहिलेलं वाचता आलं नाही तर बाहेरून करून घेण्यात आणि यात फरक काय? फोन नंबरचे दहा आकडे कुठे आहेत हे तेव्हाही आपल्यालाच शोधावं लागेल.

आणि हे बायकांचं क्षेत्रच नाही असं वाटत असेल, तर १९४६ साली अमेरिकेत जगापुढे आलेला एनियाक हा संगणक आठवा. त्यावर काम चालवण्याची आखणी सहा स्त्रियांनी केली होती: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान बिलास आणि रूथ लिक्टरमन. जाहीर कार्यक्रमात त्यांची ओळखसुद्धा करून दिली गेली नाही. काम बायकांनी केलं आणि नाव राहिलं नाही, हे आपल्याला नवीन नाही.

आजचं चित्रही बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी तरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया एक तृतीयांश निघाल्या, पुरुष निम्म्याहून जास्त. ज्या वापरतात त्यांतल्या बहुतेकींना दुसऱ्याने लिहिलेलं वाचायला मिळतं. लिहिणाऱ्या किती? आपण बायकांना वाचायला शिकवलं, सही करायला शिकवलं, मग अर्ज लिहायला शिकवलं. ही त्याच्याच पुढची पायरी आहे.

म्हणून माझी एक विनंती आहे. पुढच्या तिमाही बैठकीपर्यंत प्रत्येक गटाने दोन मैत्रिणी निवडाव्यात. एक तरुण, एक वयस्क, म्हणजे विद्या एकीबरोबर निघून जाणार नाही. तीन दुपारी बसा. नोटपॅड उघडा. खेळ तुमच्या भागातला घ्या: उखाणे, कोडी, भुलाबाईचा खाऊ, गोव्याकडच्या मैत्रिणींनी फुगडी घ्यावी. सात पानं करा, पेन ड्राइव्हवर घालून आणा. बैठकीत आम्ही तुमचे डबे वाजवून बघू. कंट्रोल-यू दाबायला आमची धाकटी येणार आहे, तेव्हा जपून. त्या खेळानंतर आपापल्या संस्थेची वेबसाइट उघडू आणि तिथला फोन नंबर सगळ्यांसमोर लावून बघू. लागला नाही, तर तो बदलूनच उठू.